दहा बाय दहातला नाद

घरात कुणी इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायला लागलं की ते सगळ्यात आधी कुरिअरवाल्याला कळतं. मग वॉचमनला. मग समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना, कारण दुपारी आलेलं पार्सल त्यांच्याकडे ठेवलेलं असतं. घरच्यांना कळतं सगळ्यात शेवटी. तोवर पलंगाखाली रिकामे बॉक्स जमलेले असतात आणि ते रद्दीत द्यायचे नसतात, कारण "पुढे विकताना ओरिजिनल बॉक्स लागतो." वस्तू घरात येतानाच तिच्या विक्रीची तजवीज करून ठेवणारा दुसरा छंद माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या ताईकडे, कोथरूडला, सध्या हे साग्रसंगीत चालू आहे. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. टू बीएचकेमधली दहा बाय दहाची खोली त्याची. तिला आता खोली म्हणायचं नाही, स्टुडिओ म्हणायचं. ताई सवयीनं "खोली आवर" म्हणते. त्यावर "स्टुडिओ आवरायचा नसतो, सेटअप हलतो" असं उत्तर येतं. सेटअपमध्ये चहाचे दोन कप आणि ओला टॉवेलही धरलेला असतो, हे तिला हळूहळू समजलं.

भावोजी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत. त्यामुळे त्या घरात हट्ट चालत नाही, प्रस्ताव लागतो. भाच्यानं एक्सेलमध्ये रीतसर तक्ता करून दिला. पहिली ओळ : लॅपटॉप, आहेच, खर्च शून्य. होम स्टुडिओच्या बजेटची पहिली ओळ कुठल्याही घरात हीच असावी. तो लॅपटॉप 'कोडिंगसाठी' घेतलेला असतो, आणि कोडिंगला सोळा जीबी रॅम कशाला लागते हे त्या वेळी कुणी विचारलेलं नसतं. दुसरी ओळ : ऑडिओ इंटरफेस, दोन इनपुटचा, बारा ते पंधरा हजार.

"हे काय करतं?" भावोजींनी विचारलं.

"आवाज आत घेतं आणि बाहेर काढतं."

"लॅपटॉपला ते येत नाही?"

"येतं बाबा. पण नीट येत नाही."

भावोजींनी समासात बारीक प्रश्नचिन्ह काढलं. पुढे मिडी कीबोर्ड, हेडफोन, कंडेन्सर माइक, फोम आणि शेवटी 'किरकोळ'. सगळं मिळून चाळिशीच्या आत. कर्ज विभागात आयुष्य काढलेल्या माणसाचं बोट बरोबर 'किरकोळ'वर जाऊन थांबलं. "यात काय काय?" "वायरी वगैरे," भाचा म्हणाला. पुढे यथावकाश असं दिसून आलं की स्टुडिओ म्हणजेच वायरी, आणि वगैरे ते बाकीचं.

प्रस्तावाला दाखले जोडलेले होते. पहिला बिली आयलिशचा. जगभरातली मुलं आपापल्या वडिलांपुढे हाच दाखला ठेवत असणार. तिनं आणि तिचा भाऊ फिनिअस यानं लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातल्या आईवडिलांच्या छोट्याशा घरात, बेडरूममध्ये बसून अल्बम केला. तो 2019 मध्ये आला आणि 2020 मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. भावोजींनी शांतपणे विचारलं, "त्यांच्या खालच्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव राहतात का?"

दुसरा दाखला जास्त दमदार होता. रोलँड या जपानी कंपनीनं 1980 मध्ये टीआर-808 नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्यातला ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि काही वर्षांत त्याचं उत्पादन बंद झालं. त्याचं धाकटं भावंड टीबी-303. एकट्यानं वाजवणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं. ते तर पुरतंच पडलं. मग ही यंत्रं सेकंडहँड दुकानांत पडेल भावात मिळायला लागली आणि शिकागो-डेट्रॉइटकडच्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांनी ती उचलली. हाउस आणि टेक्नो त्यातून उभं राहिलं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाचं 'अॅसिड ट्रॅक्स' 1987 मध्ये आलं. त्यात 303ची बटणं वाजतावाजता पिरगाळून जो किचकिचाट काढलाय, त्याला पुढे 'अॅसिड हाउस' असं भारदस्त नाव मिळालं.

आणि त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या गृहस्थांनी नेमकी हीच दोन यंत्रं आणि रोलँडचाच जुपिटर-8 सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. रेकॉर्ड निघाली, फारशी कुणी घेतली नाही, विसरली गेली. 2010 मध्ये ती नव्यानं बाजारात आली तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले आणि सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींना तिकडच्या कार्यक्रमांची बोलावणी आली.

इथं आजोबांनी पेपर खाली ठेवला. आजोबा म्हणजे ताईचे सासरे. तरुणपणी तबला वाजवायचे आणि सवाई गंधर्वला अजूनही भारतीय बैठकीवरच बसतात, खुर्चीत नाही. "कुठले राग?" त्यांनी विचारलं. भाच्यानं लावून दाखवलं. भैरवी ऐकताना ते काही बोलले नाहीत. ठेका सुरू झाला, तरी बोलले नाहीत. पुढचा राग लागला तशी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ललित? रात्री साडेआठला?"

"आजोबा, डिस्को आहे तो."

"डिस्कोचं माझं काही म्हणणं नाही. ललित पहाटेचा आहे."

भावोजींना या सगळ्यातून एकच मुद्दा भावला : कंपनीचा बुडीत गेलेला माल स्वस्तात घ्यावा. "मग तू तेच घे की," ते म्हणाले. भाच्यानं त्या जुन्या यंत्रांचे आजचे भाव दाखवले. लाखांत. भावोजी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "1984 मध्ये आम्हाला हे कुणी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर आम्ही फिक्स्ड डिपॉझिटं केली नसती." आणि प्रस्ताव मंजूर झाला. माझ्या मते तो चरणजित सिंगांमुळे झाला नाही, त्या भावांमुळे झाला.

वायरी आणायला मी बरोबर गेलो होतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या तमाम इलेक्ट्रॉनिक इच्छांचं माहेर. भाच्यानं काउंटरवर जाऊन शुद्ध इंटरनेटच्या भाषेत मागणी केली : "क्वार्टर इंच टीआरएस टू एक्सएलआर मेल, बॅलन्स्ड, दोन मीटर." काउंटरमागच्या काकांनी त्याच्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि आत ओरडले, "स्टिरिओ पी-अडतीस टू कॅनन, दोन!" पोऱ्यानं दोन मिनिटांत सोल्डरिंग करून वायरी हातावर ठेवल्या. परदेशी ब्रँडच्या वायरीच्या चौथाई किमतीत. भाचा म्हणाला, "ऑक्सिजन-फ्री कॉपर आहे का पण?" काका म्हणाले, "वायर आहे. ऑक्सिजन हवा असेल तर मेडिकलमध्ये मिळंल."

पुढे मिडी कीबोर्ड आला. पंचवीस पट्ट्यांचा, हातभर लांब. आजोबांनी मोठ्या उत्सुकतेनं एक पट्टी दाबली. शांतता.

"बंद आहे हे."

"चालूय आजोबा. त्याला स्वतःचा आवाज नसतो."

"मग काय असतं?"

"तो फक्त सांगतो, कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली."

"कुणाला सांगतो?"

"लॅपटॉपला."

"चुगलखोर आहे म्हणजे," आजोबा म्हणाले.

या चुगलीची भाषा 1983 मध्ये ठरली. एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायला तयार नव्हता तेव्हा अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन स्पर्धकांना एका टेबलावर बसवलं आणि मिडी नावाची बोली पक्की केली. त्याबद्दल दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षं झाली, आजही दहा हजारांचा कीबोर्ड तीच बोली बोलतो. त्यात बहुतेक गोष्टींचं माप 0 ते 127 मध्येच होतं, पट्टी किती जोरात दाबली याचंही. आजोबांचा हात 60-70च्या घरात असतो. आजी एकदाच वाजवायला बसल्या, प्रत्येक पट्टीला 127.

सॉफ्टवेअरचा प्रश्न सुटला खरा, पण त्यानं घरात एक नैतिक पेच उभा केला. भाच्यानं रीपर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. 60 दिवस फुकट वापरा, आवडलं तर 60 डॉलर भरा. मुदत संपली तरी ते बंद पडत नाही, उघडताना फक्त विनम्र आठवण करून देतं. "मुदतीनंतरही चालतं?" भावोजी. "हो." "मग पैसे भरतं कोण?" "भरतात लोक. मनानं." थकीत कर्जांच्या मागे तीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे वाक्य सहन होणं शक्य नव्हतं. त्यांना रात्री झोप लागली नाही म्हणे. सकाळी अंघोळीआधी त्यांनी स्वतःच्या कार्डावरून 60 डॉलर भरून टाकले. सिंथेसायझर मात्र भाच्याला फुकट मिळाला, व्हायटल नावाचा, आणि तो इतका चांगला आहे की भाच्याला त्याच्याबद्दल संशय येतो. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल या पंथात फार आदर नसतो.

आता लेटन्सी. हा शब्द त्या घरात आता आजींनाही येतो. पट्टी दाबल्यावर आवाज यायला जो उशीर होतो तो. विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर, योग्य ड्रायव्हर न घालता, हा उशीर चांगला जाणवण्याइतका असतो. भाच्यानं एकदा पट्ट्यांवर तबल्याचे आवाज बसवले आणि आजोबांना बोलावलं. आजोबांनी मान डोलावत "धा" वाजवला. "धा" आला, पण पुढच्या मात्रेच्या जरा अलीकडे. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "याचे गुरू कोण?"

इंटरफेस आल्यावर हे सुधारलं. त्यात बफर नावाची एक गोष्ट असते. 1024 ठेवला तर एका बाजूच्या प्रवासातच सुमारे 23 मिलिसेकंद जातात, 128 ठेवला तर तीन. मग 128च का ठेवू नये? कारण मग लॅपटॉपची तारांबळ उडते आणि स्पीकरमधून पापड मोडल्याचे आवाज येतात. म्हणजे एक तर उशिरा या, नाहीतर धापा टाकत या. आजोबांनी अखेर 256वर तडजोड मान्य केली. तबला त्यांनी पुन्हा वाजवला नाही, पण कुणी पाहुणे आले की "आमच्याकडे आता दोनशे छप्पन आहे" असं सांगतात, आणि पाहुणे रक्तदाबाबद्दल काळजी व्यक्त करतात.

तरी इथवर सगळा प्रश्न पैशांचा होता. खरा वैरी नंतर कळला. तो म्हणजे ती खोली.

दहा फूट म्हणजे तीन मीटर. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. तीन मीटरवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सूर अडकून घुमत राहतो तो साधारण 56 हर्ट्झचा. म्हणजे नेमका तो पोटात ठोसा मारणारा ढोल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. खोली चौरस असली तर लांबीतून तोच सूर आणि रुंदीतूनही तोच, दुप्पट घोटाळा. आता यातली मौज अशी की घुमताना हा आवाज भिंतींपाशी सगळ्यात मोठा असतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. भाच्याची खुर्ची मधोमध. बंगळुरूला नोकरीला निघालेल्या एका मुलाकडून घेतलेले पाच इंची मॉनिटर स्पीकर त्याच्यासमोर. त्याला बेस ऐकूच यायचा नाही. म्हणून तो वाढवायचा. तरी यायचा नाही. आणखी वाढवायचा. त्याच वेळी भिंतीपलीकडे, सोफ्याची पाठ नेमकी त्या भिंतीला लावून, समोरच्या काकू मालिका बघत असायच्या. भाच्याच्या संगीतातला संपूर्ण बेस आजवर ऐकलेली ती एकमेव व्यक्ती. तक्रार करायला आल्या तेव्हा त्यांनी हातानं छाती दाखवून सांगितलं, "इथं होतं बाई मला." ताईनं घाबरून डॉक्टरचा नंबर दिला.

मग ध्वनिशोषणाचं पर्व सुरू झालं. दोन इंची फोमचे काळे चौकोन भिंतीवर चिकटले. त्यांनी टाळीचा खणखणाट गेला. खोली तपासायची ती टाळी वाजवूनच. समांतर भिंती मोकळ्या असल्या की टाळीला एक टर्रर्र असा शेपटा येतो. तो गेला. बेस मात्र जागचा हलला नाही. 50 हर्ट्झच्या लाटेची लांबी सात मीटरच्या आसपास असते, तिला दोन इंचांचा फोम लागतोय कुठं. शिवाय फोम खोलीतला गोंगाट कमी करतो, बाहेर जाणारा अडवत नाही. काकूंसाठी त्याचा उपयोग शून्य.

याच सुमारास कुणीतरी भाच्याला अंड्याच्या ट्रेची अक्कल शिकवली. हा समज जगभर आहे आणि जगभर चुकीचा आहे, पातळ पुठ्ठा आवाजाचं काहीही बिघडवू शकत नाही. पण नाक्यावरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर ट्रे फुकट मिळतात. पिढ्यान् पिढ्या ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलं नाही, तिथं एका संध्याकाळी साठ-सत्तर ट्रे आले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवघराचा पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी ट्रे परत गेले आणि आजींनी माळ्यावरून तीन गोधड्या काढून दिल्या, जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या जड. त्या भिंतीपासून जरा सोडून टांगल्यावर वरच्या पट्टीतला आवाज फोमपेक्षा चांगला दबला. कोपऱ्यात भावोजींच्या दिवाळी अंकांचं कपाट सरकवलं. पुस्तकांच्या लहानमोठ्या कडांवर आवाज विखुरतो आणि घुमणं थोडं कमी होतं. दिवाळी अंकांचा हा उपयोग आजवर कुठल्याही परिसंवादात निघालेला नाही.

आवाज शोषला, पण शांतता मिळाली नाही. तीच बजेटमध्ये कुठं नव्हती. माइक लावून खोली नुसतीच रेकॉर्ड केली तर सगळी सोसायटी त्यात हजर. घंटागाडीचं गाणं, भाजीवाल्याचा टेप, खालची बोअरची मोटर, पंख्याची कुरकुर. पंखा बंद केला की मे महिना. आणि या सगळ्यांच्या खाली एक अखंड तानपुरा, विजेचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं, किंवा दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटवर असली, की तो सूर स्पीकरमधून गुणगुणायला लागतो. आजोबांनी तो ओळखला. पेटीवर लावून पाहिला. "पांढरी पाच," ते म्हणाले, "पण चढी आहे." आणि ते बरोबर होतं. पांढरी पाच 49 हर्ट्झला, वीज 50ला. भाचा सरळ पांढरी पाचमध्ये गाणी करायला लागला. "बेसुरा तर बेसुरा," तो म्हणाला, "पण निदान एकाच स्केलमध्ये."

एक दिवस भावोजींनी, बरेच दिवस मनात ठेवलेला असावा, तो प्रश्न विचारला. "या गाण्यातला कुठला आवाज त्या माइकमधून आलाय?"

"एकही नाही."

"ढोल?"

"लॅपटॉपमधला."

"ती व्हायोलिनं?"

"लॅपटॉपमधली."

"मग माइक, गोधड्या, फोम, खोली, हे कशासाठी?"

भाचा गप्प. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. इलेक्ट्रॉनिक संगीताला जगातला सगळ्यात छोटा स्टुडिओ पुरतो. एक लॅपटॉप आणि बरे हेडफोन घेऊन माणूस स्वारगेटच्या फलाटावरही काम करू शकतो. माइक लागतो गाणाऱ्याला, खोली लागते सतारियाला. पण गाणारे लोक बापडे मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि भिंतीला गोधड्या लावून बसतात ते हे. त्यांना स्टुडिओ काम करायला लागत नाही. इथं काम चालतं असं वाटायला लागतो. मी लेखकाचं टेबल घेतलं तेव्हा आमच्या घरी काय बोलणं झालं होतं, ते इथं सांगण्याचं कारण नाही.

भावोजींच्या प्रश्नाचा परिणाम मात्र विचित्र झाला. माइकचा खर्च वसूल करायचा म्हणून भाच्यानं घरातले आवाज टिपायचं ठरवलं. याला परंपराही आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफरनं 1948 मध्ये रेल्वे इंजिनांचे आवाज जोडून अख्खी रचना केली होती. भाच्यानं कुकर निवडला. गोधडी आणि माइक स्वयंपाकघरात आले, पंखा, फ्रिज, सगळं बंद. ताईनं एरवी कधी घेतली नसेल एवढी काळजी घेऊन वरणभाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा आजींना शिंक आली. दुसरी शिट्टी माइकला झेपली नाही, पातळी लालमध्ये गेली. तिसरी छान आली, पण तोवर भाच्याला चौथी हवीशी वाटली. "आई, अजून एक टेक." "अरे, डाळीचा गाळ होईल." "एकच." सातव्या शिट्टीला तो समाधानी झाला. त्या रात्री सगळ्यांनी वरण प्यायलं. ती शिट्टी दोन सप्तकं खाली ओढल्यावर जो आवाज आला तो खरोखर अंगावर काटा आणणारा होता, एखादं जहाज धुक्यातून येतंय असा. ताईनं ऐकला आणि लगेच म्हणाली, "हा मोठा कुकर. छोट्याची शिट्टी अजून गोड आहे."

आता संगीताबद्दल. ते व्हायला वेळ लागतो. या लोकांना एक व्याधी असते, आठ बारची. आठ बार म्हणजे बत्तीस ठोके, 125च्या लयीत पंधरा सेकंद. तेवढा तुकडा ते करतात, तो छान होतो, आणि मग पुढे काय हे सुचत नाही म्हणून तोच परत परत लावून त्यातला एकेक आवाज घासत बसतात. पंधरा सेकंदांचं संगीत त्या घरात आठवडेच्या आठवडे वाजत होतं. आजींची जपमाळ त्या लयीत फिरायला लागली. आजोबा पहिल्या दिवशी हाताच्या पेरांवर मात्रा मोजत होते, मग वैतागून आत आले. "यात सम कुठंय?"

"प्रत्येक ठोक्याला समच आहे आजोबा. फोर ऑन द फ्लोअर म्हणतात."

"प्रत्येक मात्रेला सम?" आजोबा दारातच थांबले. "मग यायचं कुठून?"

मिक्सिंगवर सगळ्यात अचूक शेरा मारला तो कामाच्या मावशींनी. त्यांचा मुलगा ढोलपथकात आहे. फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "थापी ऐकू येती, पण टिपरूच लागत न्हाई." भाचा या एका गोष्टीवर शेकडो व्हिडिओ बघून बसला होता. ढोलाचं पोट होतं, तोंडावरचा टणत्कार नव्हता. त्यानं तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास जरा वर उचललं. मावशी पलीकडच्या खोलीतून ओरडल्या, "आता लागलं!" भावोजींनी त्यांचा पगार वाढवायचा विषय काढला, पण तो किरकोळमध्ये बसेना.

गाणं शेवटी पुरं झालं. साडेपाच मिनिटांचं. भाच्यानं ते फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांनी ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं. मोबाइलच्या त्या चिमुकल्या स्पीकरातून खालचे आवाज निघतच नाहीत. गोधड्या, फोम, काकूंची छाती, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो बेस कुणाच्याही कानापर्यंत पोचला नाही. नागपूरच्या आत्यानं लिहिलं, "खूप छान, शिट्टीचा आवाज मस्त." ताईनं त्यावर लगेच हसरा चेहरा टाकला. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "भिंतीतून ऐकायचो तेव्हा भरीव वाटायचं."

भाच्याचं आता ठाम मत झालंय की सगळं खापर चौरस खोलीवर आहे. आयताकृती खोली हवी. गेल्या रविवारी तो मेजरिंग टेप घेऊन आमच्याकडे आला. चहा घ्यायच्या आत आमची बेडरूम मोजून झाली, बारा फूट सहा इंच बाय दहा. मग तो मधोमध उभा राहिला आणि त्यानं खाडकन एक टाळी वाजवली. कान टवकारला. खिडकीपाशी जाऊन एक. कपाटापाशी दोन. पलंगावर चढून वरच्या कोपऱ्यात एक.

"मामा, ही खोली ऐकतोयस का तू? काय सुंदर आहे!"

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "डास झाले का रे एवढे? बॅट चार्जिंगला लावलीय बघ, ती घे."